एक प्यादं जास्त असूनही बरोबरी? ती सेटिंग नव्हती, भाऊ

पाचोऱ्याहून एका पालकांचा प्रश्न आला आहे. मे महिन्यात जळगावला बुद्धिबळाची खुली मानांकन स्पर्धा झाली. नवव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत पहिल्या पटावरचे दोन्ही तगडे खेळाडू ७८ चाली खेळून बरोबरीत सुटले. काळ्याकडे चाळीसेक चाली एक प्यादं जास्त होतं. यांचा तेरा वर्षांचा मुलगा (मानांकन १४३०) स्वतःचा डाव आटोपून तिथे मागे उभा होता. घरी आल्यावर म्हणाला, “पप्पा, सेटिंग होतं. प्यादं जास्त असून कोणी बरोबरी घेतं का?” मोबाईलवर डाव टाकला तर इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्राम, शेवटपर्यंत ०.०० दाखवत राहिलं. वडील विचारतात, खरं काय? आणि शेवटी बरोबरीच व्हायची असेल तर एवढ्या उन्हात पोराला घेऊन फिरायचं कशासाठी?

भाऊ, स्कोअरशीटचा फोटो पाठवलात हे फार बरं केलं. त्याशिवाय उत्तर दिलं असतं तर ते नुसतं प्रवचन झालं असतं. मी पंचवीसेक वर्षं पोरांना शिकवतोय, पंच म्हणूनही उभा राहतो, आणि सेटिंग या शब्दाची मला चीड आहे. पण तो शब्द हवेतून येत नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून आधी गुणतक्ता बघू, डाव नंतर.

आठ फेऱ्यांनंतर पांढरी मोहरी घेतलेल्याचे साडेसात गुण होते, काळ्याचे सात. बाकी कोणीही साडेसहाच्या वर नव्हतं. बरोबरी झाली की पांढऱ्याचे आठ, म्हणजे एकट्याचा पहिला नंबर पक्का. त्याला बरोबरी हवीच होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. काळ्याचं काय? बरोबरीने त्याचे साडेसात होतात आणि मागून येणारे साडेसहावाले जिंकले की तेही साडेसातवर. मग दुसऱ्या नंबरासाठी टायब्रेकची, म्हणजे सारख्या गुणांवाल्यांत वरखाली ठरवण्याची, मारामारी. तोच काळा जिंकला असता तर आठ गुण आणि चषक त्याचा. म्हणजे बरोबरीची गरज एकालाच होती, दुसऱ्याला जिंकायचंच होतं. सेटिंगला दोन हात लागतात. मानांकनात काळ्याला थोडा फायदा झाला हे खरं. दोघांत शंभरेक गुणांचं अंतर होतं, तेव्हा कमी मानांकनवाल्याकडून हिशेबाने ०.३६ गुणाची अपेक्षा धरतात. त्याने अर्धा मिळवला, फरक ०.१४, गुणिले २० (हा मानांकनाच्या सूत्रातला गुणक), म्हणजे पावणेतीनच्या आसपास. पावणेतीन मानांकन गुणांसाठी चषक सोडणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

आता डाव. तुमच्या मुलाला प्रश्न पडला तो २६व्या चालीपाशी. पांढऱ्याने तिथे वजीर मारून वजीर दिला, आणि त्या मारामारीत वजिराच्या बाजूची सगळी प्यादी साफ झाली. हिशेब संपला तेव्हा पांढरा एक प्यादं खाली. मुलाला वाटलं, चुकला. मी म्हणतो, त्याने एक प्यादं देऊन चांगला सौदा केला. वजीर पटावर ठेवले असते तर प्यादी सारखी राहिली असती, पण त्याचा राजा उघडा होता आणि काळ्याचा घोडा डी३ वर (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं, आडव्यांना एक ते आठ आकडे) येऊन बसणार होता. तो घोडा एकदा बसला की उठत नाही. त्याऐवजी त्याने असा शेवट निवडला: दोघांकडे एकेक हत्ती, पांढऱ्याची प्यादी तीन, काळ्याची चार, आणि सगळी राजाच्या एकाच बाजूला. कापूस भावात नसताना घरात भरून ठेवण्यापेक्षा थोडा तोटा सोसून मोकळा होणारा शेतकरी आपल्याकडे शहाणा धरतात. हाही तसाच मोकळा झाला.

हत्ती आणि चार प्यादी विरुद्ध हत्ती आणि तीन प्यादी, सगळी एकाच बाजूला. शंभर वर्षांचा अनुभव सांगतो की हा शेवट नीट खेळलं तर वाचतो. ‘नीट’ या शब्दातच सगळी गोम आहे. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत येट्ससारखा कसलेला खेळाडू हाच शेवट कापाब्लांकाविरुद्ध हरला. १९५६ च्या मॉस्को ऑलिंपियाडमध्ये नायडॉर्फ बोट्विनिकविरुद्ध हरला. पुस्तकात बरोबरी लिहिलेली असते म्हणून पटावर कोणी ती आणून देत नाही.

मग नीट म्हणजे काय? स्कोअरशीटवर ३४वी चाल बघा: पांढऱ्याने एच प्यादं दोन घरं पुढे टाकलं, एच४. मुलाने या चालीपुढे प्रश्नचिन्ह काढलंय, “टाइमपास” असंही लिहिलंय. माझ्या मते पूर्ण डावातली सगळ्यात मोलाची चाल तीच. प्यादी एफ२, जी३, एच४ अशी लागली की काळ्याला शिरायला फट उरत नाही. त्या जागी पांढरा एक चाल आळसला असता, तर काळ्याने जी५ टाकून एच४ कायमचं बंद केलं असतं. मग पांढऱ्याची प्यादी कोंबड्या खुराड्यात कोंडाव्या तशी कोंडली गेली असती आणि काळ्याचा राजा सावकाश फिरत आत आला असता. पहिल्या पटावरच्या खेळाडूला हे ठाऊक असतं, म्हणून तो जी५ व्हायच्या आतच एच४ खेळतो. काळ्यानेही ते ओळखलं आणि पुढच्याच चालीला स्वतःचं प्यादं एच५ वर आणलं, नाहीतर पांढराच पुढे सरकला असता. मागे उभ्या असलेल्या पोराला दिसलं काय? दोन प्यादी सरकली. बस्स.

तगड्या खेळाडूंच्या बरोबरीत अर्धा डाव न खेळलेल्या चालींमध्ये असतो. जी५ टाकून कोंडण्याचा डाव कागदावर कुठेच नाही, कारण तो होऊच दिला नाही.

इंजिनच्या ०.०० चं सांगतो. त्याचा अर्थ एवढाच, की दोन्ही बाजूंनी एकही चूक झाली नाही तर शेवटी बरोबरी. ती चूक टाळणं किती अवघड आहे, हे तो आकडा सांगत नाही. सात मोहऱ्यांपर्यंतचे सगळे शेवट संगणकाने पूर्ण सोडवून ठेवले आहेत, तिथे शंकेला जागा नाही. पण चार विरुद्ध तीनमध्ये दोन राजे, दोन हत्ती आणि सात प्यादी, म्हणजे अकरा मोहरी झाली. तिथे इंजिनसुद्धा अंदाजच बांधतं, फक्त आपल्यापेक्षा कैक पटींनी चांगला. आणि तुमचा मुलगा पंख्याखाली बसून तो आकडा बघत होता. खेळणारा चौथ्या तासाला, घड्याळात चार मिनिटं, प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढीव, बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली त्याहून जास्त, अशा अवस्थेत होता.

०.०० हातातून कसं निसटतं याचं ताजं उदाहरण सगळ्यांनी पाहिलंय. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, गुकेश आणि डिंग लिरेन यांचा जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. तेव्हाचा जगज्जेता डिंग पांढऱ्याने खेळत होता. दोघांकडे हत्ती आणि उंट, गुकेशची प्यादी तीन, डिंगची दोन, सगळी एकाच बाजूला. बघा, आपल्या डावाचाच मामेभाऊ. डाव बरोबरीकडे चालला होता. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल मागितली. गुकेशने हत्ती मारला आणि लगेच उंट डी५ वर आणला. डिंगचा उंट कोपऱ्यात ए८ वर होता, त्याला पळायला जागा नाही. उंटही गेले आणि उरला राजा-प्याद्यांचा हरलेला शेवट. ५८व्या चालीला डिंगने डाव सोडला. त्या सामन्यातले १४ पैकी ९ डाव बरोबरीत सुटले होते. आणखी एक सुटला असता तर सामना ७-७ होऊन टायब्रेकला गेला असता. जगज्जेता इथे चुकू शकतो, तर जळगावचा पांढरा चुकला नाही याचं कौतुक नको?

मी स्वतः कसा चुकलो ते सांगतो, कारण तुमच्या डावाचा शेवट तिथेच येऊन मिळतो. १९९८-९९ ची गोष्ट असेल, धुळ्याला. माझ्यासमोर भुसावळचे एक काका होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. माझा राजा प्याद्याच्या वाटेवरच उभा, म्हणजे बरोबरी हातात होती. मी घाबरून हत्ती राजाशेजारी पहिल्या ओळीत आणून ठेवला, घर राखायला. बारा चालींत हरलो. परतीच्या गाडीत काकांनी पिशवीतून चुंबकाचा छोटा पट काढला आणि म्हणाले, “हत्ती घरात बांधून ठेवला का तो हत्ती राहत नाही भाऊ, म्हैस होते.” मग पाळधी येईपर्यंत एकच पट मांडून दाखवत राहिले.

तोच पट तुमच्या स्कोअरशीटवर ७०व्या चालीनंतर आहे. पांढऱ्याचा राजा ई१ वर, हत्ती ए३ वर. काळ्याचा राजा डी४, प्यादं ई४, हत्ती एच२. घरी मांडा आणि मुलाला विचारा, पांढऱ्याचा हत्ती ए३ वर नुसता बसून काय करतोय? तिसरी आडवी ओळ त्याने अडवली आहे. काळ्याचा राजा डी३ किंवा ई३ वर पाऊल ठेवू शकत नाही, आणि राजा पुढे आल्याशिवाय मात देण्याची धमकी उभी राहत नाही. पांढरा फक्त हत्ती त्याच ओळीत इकडून तिकडे सरकवत राहतो. काळ्याला काही करायचंच असेल तर प्यादंच पुढे टाकावं लागतं, ई३. त्याच क्षणी पांढऱ्याचा हत्ती तडक शेवटच्या ओळीत जातो, ए८. का? प्यादं ई४ वर होतं तोवर काळ्याच्या राजाला डोक्यावर छत्री होती. प्यादं पुढे गेलं आणि छत्रीही गेली. आता राजा डी३ वर आला की डी८ वरून शह, ई४ वर गेला की ई८ वरून शह, एफ३ वर गेला की एफ८ वरून शह. शहांपासून लांब पळाला तर मागे प्यादं मरतं. याला फिलिडोरचा बचाव म्हणतात. अठराव्या शतकातल्या त्या फ्रेंच संगीतकाराने, जो बुद्धिबळातही त्याच्या काळात सगळ्यांच्या वर होता, तो मांडून ठेवला. तिसरी ओळ वेळेआधी सोडली तरी वाचायच्या वाटा आहेत, पण त्या पटावर शोधाव्या लागतात. मला सापडल्या नव्हत्या.

तुमच्या डावात काळ्याने ७५व्या चालीला ई३ टाकलं, पांढऱ्याने अर्ध्या मिनिटात ए८ वर हत्ती नेला, दोन शह झाले आणि काळ्याने हात पुढे केला. मुलाला तो हात ‘ठरलेला’ वाटला. मला त्यात एवढंच दिसतं की काळा परीक्षा घेत होता आणि समोरच्याला उत्तर येतं हे कळल्यावर त्याने पेपर गोळा केला. नाहीतर ७० व्या चालीलाच बरोबरी घेतली असती. त्या दिवशी मीही तिथे होतो, हॉलबाहेर चहा देणाऱ्या पोराने मला विचारलं होतं, “सर, मंग जितना कोन?” त्याला म्हटलं, कोणीच नाही. तर त्याने दोघांनाही कटिंग फुकट दिला.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या मुलाचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. ठरवून केलेल्या बरोबऱ्या होतात. बारा-पंधरा चाली, सगळी मोहरी पटावर, दोघांनी मिळून वीस मिनिटंही खर्च केली नाहीत, आणि दोघांनाही बक्षिसात जागा पक्की. अशी स्कोअरशीट आली की मीही भुवया उंचावतो. डिसेंबर २०२३ मध्ये समरकंदला जागतिक ब्लिट्झ (अतिजलद डावांच्या) स्पर्धेत नेपोम्नियाची आणि दुबोव यांनी तर सरळ घोडे नाचवत नेऊन परत जागेवर आणले आणि बरोबरी घेतली. पंचांनी दोघांनाही शून्य दिलं. मला तो निर्णय आवडला. म्हणून बऱ्याच ठिकाणी बंधनं असतात. २००५ साली सोफियातल्या स्पर्धेत आपसात बरोबरी मागायलाच बंदी घातली, तेव्हापासून त्याला सोफिया नियम म्हणतात. गुकेश-डिंग सामन्यातही ४० चालींच्या आत आपसांत बरोबरी चालत नव्हती. पण सरसकट बंदीने प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. ज्यांना खेळायचंच नाही ते तीच स्थिती तीनदा फिरवून बरोबरी आणतातच.

तीनदा फिरवण्यावरून आठवलं, हे मुलाला नक्की सांगा, कारण आपल्या भागातली पोरं इथे हमखास अर्धा गुण घालवतात. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि बरोबरी मागायची असेल, तर ती चाल पटावर खेळायची नाही. आधी कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. माझ्या एका विद्यार्थिनीने अमळनेरला चाल खेळून घड्याळ दाबलं आणि मग हात वर केला. तोवर पाळी समोरच्याची झाली होती, मागणी गेली. समोरच्याने वेगळी चाल खेळली आणि ती हरली. आणि मागणी चुकीची ठरली तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, म्हणून उगाच हात वर करायचा नाही. तोंडी बरोबरी विचारायची तर चाल खेळून, घड्याळ दाबायच्या आधी, एकदाच. समोरचा विचार करत असताना “ड्रॉ? ड्रॉ?” करणाऱ्या पोराला मी पहिल्या वेळी समज देतो, दुसऱ्या वेळी समोरच्याला वेळ वाढवून देतो.

दोघे खरंच तुल्यबळ असले की बरोबऱ्या होणारच. १९८४-८५ मध्ये कार्पोव आणि कास्पारोव ४८ डाव खेळले, त्यातले ४० बरोबरीत, आणि सामना निकालाशिवायच थांबवावा लागला. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन-कारुआनाचे बाराही डाव बरोबरीत. जुलै २०२५ मध्ये बातुमीला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हम्पीविरुद्ध अंतिम सामन्याचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीतच सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. पेपरात जलद डाव छापून आला. मी वर्गात पोरांना पहिला बरोबरीचा डाव दाखवतो, कारण त्यात दिव्या जिंकायच्या अगदी जवळ जाऊन आली होती.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, पोराला घेऊन फिरायचं कशाला. १४३० मानांकनाच्या मुलाने मोठ्यांचं बघून बरोबऱ्या घ्यायच्या नाहीत, हे मी कडक सांगेन. त्यांनी ७८ चाली खेळून घेतली, तो अठराव्या चालीला घेईल. त्याच्या वयात बरोबरी मागायची ती फक्त पटावर दोन राजे उरले की. हरू दे. पण घरी आल्यावर तुम्ही “जिंकला का?” एवढंच विचारत असाल तर ते थोडं थांबवा. आणि दर रविवारी एक तास, मोबाईल बाजूला ठेवून, हाच चार विरुद्ध तीनचा पट मांडून तुम्ही दोघं खेळा. तुम्हाला चाली येतात तेवढ्या पुरे. एकदा तो चार प्याद्यांकडून, एकदा तीनकडून. तीनकडून वाचवताना त्याला ३४वी चाल कळेल, माझ्या सांगण्याने नाही कळणार.

एक गोष्ट मात्र माझीही सुटलेली नाही, ती त्याच्यासाठी ठेवतो. ४७व्या चालीला काळ्याची प्यादी ई४, एफ६, जी६, एच५ वर होती आणि राजा एफ५ वर. त्याने जी५ टाकलं. तिथून प्यादी एकमेकांत मारली गेली, पुढे काळ्याने एच प्यादं देऊन पांढऱ्याचं एफ२ घेतलं आणि उरलं ते एकटं ई प्यादं. प्यादी जितकी कमी, तितका वाचवणाऱ्याचा फायदा, म्हणून ती चाल मला घाईची वाटते. त्याऐवजी राजा ई५, डी४ करत डी३ वर नेला असता आणि एफ२ वर दबाव आणला असता तर? मग मागे जी६ आणि एफ६ उघडी पडतात आणि पांढऱ्याचा हत्ती तिथे सुटतो. कोण आधी पोचतं? मी दोन संध्याकाळी मांडून बसलो, एकदा काळा पोचला, एकदा पांढरा. मुलाला म्हणावं, इंजिन न लावता काळ्याच्या बाजूने दहा चाली लिहून पाठव.